सहा वर्षांच्या मुलांना हॅरिएट टबमन सांगायची की नाही?

पारिजात:
काल निशिगंधाताईंनी लिहिलं, ‘पहिलीतल्या मुलांना गुलामगिरी शिकवूच नये. माझी लेक रात्रभर झोपली नाही. दहा वर्षांची होईपर्यंत थांबा.’ ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. टबमन इथल्याच डॉर्चेस्टर काउंटीतली, गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. १८४९ मध्ये पळून फिलाडेल्फियाला पोचली, मग साधारण १३ वेळा परत येऊन ७०च्या आसपास माणसं सोडवली. मुलाला मी चाबूक नाही सांगितला, १८५४चा नाताळ सांगितला. तिचे भाऊ पळण्याआधी आईवडिलांच्या घराजवळ मक्याच्या कोठारात लपले होते. आई जेवायला वाट बघत बसलेली, पण ती हंबरडा फोडेल म्हणून तिला कळवलंच नाही. वडील बेन रॉस डोळ्यांवर रुमाल बांधून पोरांना भेटले. उद्या कोणी विचारलं तर ‘मी पोरांना पाहिलं नाही’ असं खरंखरं सांगता यावं! माझ्या सहा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळलं.

निशिगंधा:
गोष्टीबद्दल माझी तक्रार नाहीच. पळणाऱ्या गुलामांचा खेळ म्हणून वर्गात दिवे घालवले, निम्म्या मुलांना बाकांखाली रांगायला लावलं आणि उरलेल्यांना टॉर्च देऊन पकडायला सोडलं. माझी लेक ‘पकडली’ गेली. वर घरी रंगवायला गोधडीचा कागद, गुलाम म्हणे गोधडीत पळायच्या गुप्त खुणा शिवायचे. आणि वाटेत बाळं रडू नयेत म्हणून अफू पाजायचे, तेही सांगितलंत का मुलाला?

पारिजात:
अफूचं नाही सांगितलं. आणि पकडापकडीचा खेळ काल तुम्ही लिहिला नव्हतात. तो चूकच आहे, मान्य. पण त्यासाठी विषयच बंद करायचा, हे नाही पटत.

सह्याद्री५२:
गोधडीच्या खुणा हे थोतांड आहे. १९९९च्या एका पुस्तकातून ते शाळाशाळांत पसरलं. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल पळून आलेल्या शेकडो लोकांच्या हकिकती लिहून ठेवत होता, १८७२ मध्ये छापल्याही. त्यात गोधडी कुठे आहे? टबमनने ३०० माणसं सोडवली हा आकडाही फुगवलेलाच.

रानपाखरू:
माझ्या आजीच्या गोधडीत कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, ते मला अजून पाठ आहे. मुलांना हाताने केलेलं लक्षात राहतं हो. खुणा नसतील, पण त्या बायका गोधड्या शिवत होत्या ना?

सह्याद्री५२:
शिवत होत्या. म्हणून खोटं शिकवायचं? उद्या मूल विचारेल, बाकीचंही असंच का?

निशिगंधा:
गोधडी खरी की खोटी, याने माझ्या लेकीची झोप परत येणार आहे का?

भीमथडी:
मेरीलँड झालं, गोधडी झाली. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांना दोन्हींतलं नातं दिसलं होतं. इथे किती जणांनी पोरांना आपल्याकडचं सांगितलंय? माझ्या आजोबांना वर्गाबाहेर बसवून शिकवलं. पाटी लांबून तपासायचे.

निशिगंधा:
प्रत्येक धागा जातीवर न्यायलाच हवा का? मी एका लहान मुलीच्या भीतीबद्दल बोलतेय.

भीमथडी:
मीही लहान मुलांबद्दलच बोलतोय. टबमनला साधारण सहाव्या वर्षी परक्या घरी बाळ सांभाळायला धाडलं होतं. बाळ रडलं की हिला फटके. तिला कोणी विचारलं होतं, वय झालं का म्हणून? मला पहिलीत असतानाच एका मित्राच्या घरी पाणी वरून ओतून दिलं. घरी येऊन आईला विचारलं, तेव्हा तिला सांगावंच लागलं. ‘दहा वर्षांनंतर’ ही सोय तुम्हाला आहे, ताई. आम्हाला नव्हती.

रानपाखरू:
हे वाचून गप्प झाले.

निशिगंधा:
तुमच्या आईला सांगावं लागलं याचं वाईट वाटलं, मनापासून. दहा वर्षांचा आकडा मी रागात लिहिला, तो मागे घेते. वडिलांच्या रुमालाची गोष्ट लेकीला सांगेन. दुपारी, खिडकी उघडी ठेवून. पण त्या खेळाबद्दल मी मुख्याध्यापकांना लिहिणारच, त्यात कोणी मध्ये पडू नका.

सह्याद्री५२:
लिहाल तेव्हा गोधडीचंही लिहा.