गूगल ड्राइव्हवरून डेटा बाहेर जातोय असं वाटतंय, पण ड्राइव्ह तर बंद करता येत नाही, मग पकडायचं कसं?

भोसरी_एकटा_आयटी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत प्रेस टूल आणि डाय बनवणारी कंपनी आहे आमची, ५५ एक कॉम्प्युटर आणि आयटीला मी एकटाच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच फोन. परवा फायरवॉलचा महिन्याचा रिपोर्ट सहज चाळत होतो तर डिझाइनच्या एका पीसीवरून ४१ जीबी अपलोड, सगळं गूगलच्या पत्त्यांवर, बाकी कुणाचं दोन-तीन जीबीच्या वर नाहीये. आमचा मेल, ड्राइव्ह सगळं गूगल वर्कस्पेसवर आहे त्यामुळे गूगल ब्लॉक करा असं सांगू नका, मालक मलाच ब्लॉक करतील. त्या पीसीवर बसणारा पोरगा नोटीस पिरियडवर आहे, चाकणला जॉईन होतोय, मालकांच्या कानावर गेलं तर त्याचं फुल अँड फायनल अडकलंच म्हणून समजा. ॲडमिन कन्सोलमधला ड्राइव्हचा लॉग बघितला, त्याच्या नावावर काहीच मोठं नाही. अँटीव्हायरस पण गप्प. मग ४१ जीबी गेलं कुठं?

लॉगवाचक_कोथरूड
कन्सोलमध्ये काही नाही हाच तर पुरावा आहे. तिथं तुमच्या डोमेनच्या खात्यांचं आणि फाइलींचंच दिसतं, कुणी पर्सनल जीमेलच्या ड्राइव्हवर टाकलं तर ते त्या लॉगमध्ये येतच नाही. आणि फायरवॉलला दोन्ही सारखंच, पत्ता गूगलचा, सर्टिफिकेट गूगलचं. कंपनीच्याच टेम्पोतून माल निघाला तर वॉचमन गेट उघडणारच ना. मायटर अटॅक म्हणजे हल्ल्यांच्या पद्धतींची यादी, त्यात असं रोजच्या वेब सेवांतून डेटा नेण्याला टी१५६७ असा वेगळा नंबरच आहे, क्लाउड स्टोरेज, गिटहबसारख्या कोडच्या साइट, मजकूर चिकटवायच्या पेस्टबिनसारख्या साइट, वेबहुक (ॲपला आपोआप डेटा पाठवायचा वेब पत्ता) सगळं त्यात येतं. असो. महिन्याची बेरीज काही कामाची नाही, वार आणि तास काढा आधी.

भोसरी_एकटा_आयटी
काढलं. चार वेळा, दरवेळी साधारण १० जीबी. चारही वेळा गुरुवारी, रात्री १ ते ४.

चहा_कमी_साखर
गुरुवारी?? भोसरीत गुरुवारी सुट्टी असते ना? पोरगा सुट्टीच्या दिवशी रात्री १ वाजता ऑफिसात येऊन ड्रॉइंग चढवतोय काय! त्याला अजून एक शब्द बोलू नका. टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारं विंडोजचं टूल) उघडा, गुरुवारचं काही लावलंय का बघा. जी एक्सई सापडेल ती चालवू नका, डिलीट पण करू नका, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅब वाचा फक्त.

भोसरी_एकटा_आयटी
हात थरथरतायत. प्रोग्रामडेटामध्ये एका फोल्डरात एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल, आणि डिटेल्समध्ये डिस्क्रिप्शन लिहिलंय 'आरसिंक फॉर क्लाउड स्टोरेज'. हे काय आहे?

चहा_कमी_साखर
आरक्लोन, फाइली क्लाउडवर कॉपी करणारं टूल. तसं चांगलं आहे, मी स्वतः घरच्या बॅकअपला वापरतो, म्हणून तर अँटीव्हायरस ओरडत नाही. पण रॅन्समवेअरवाल्या टोळ्यांचं पण लाडकं, आधी डेटा उचलतात आणि मग लॉक करतात. खरं एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच प्रोग्राम, तो विंडोजच्या सिस्टीम३२ मध्ये असतो, प्रोग्रामडेटामध्ये त्याचं काय काम? नेटवर्कची केबल काढा, मशीन बंद करू नका, मेमरीतलं जाईल. आरक्लोन डॉट कॉन्फ ही त्याच्या सेटिंगची फाइल सापडली तर जपून ठेवा, कुठल्या ड्राइव्हवर जातंय ते त्यातून कळतं. आणि तो टास्क कुठल्या युजरने लावला ते बघा.

भोसरी_एकटा_आयटी
एएमसीवाल्याच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्या कंपनीच्या, रिमोट आयडीवरून. तो आयडी त्यांच्या सगळ्या पोरांना माहीत आहे आणि पासवर्ड मी नोकरीला लागलो तेव्हापासून तोच. टास्क पाच आठवड्यांपूर्वीचा आहे.

लॉगवाचक_कोथरूड
म्हणजे एएमसीवाल्याचाच पासवर्ड फुटलेला असू शकतो, लगेच त्यांच्यावर पण धावून जाऊ नका. आयडी आत्ताच बंद करा आणि बाकीच्या ५४ मशीनवर तीच फाइल शोधा, नाव नाही, हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) घेऊन, नाव काय बदलता येतं. फाइल सर्व्हरला पण बघा. आणि सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कळवावं लागेल, २०२२ च्या आदेशाप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत. लॉग १८० दिवस ठेवायचे हे पण त्यातच आहे, तुमचा फायरवॉल किती दिवसांचे ठेवतो?

भोसरी_एकटा_आयटी
३०. 🙏 पुढं हे परत होऊ नये म्हणून काय करू ते पण सांगून ठेवा, आज रात्री झोप नाहीच.

हिंजवडी_शिफ्ट_२
लोक आधी महागडं डीएलपी (डेटा बाहेर जाताना अडवणारं सॉफ्टवेअर) घ्यायला धावतात, पण पासवर्ड टाकलेल्या झिपच्या आत त्याला पण दिसत नाही. फुकटातलं आधी करा. ॲपलॉकरने (कुठले प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय) प्रोग्रामडेटा, ॲपडेटा, टेम्पमधून एक्सई चालूच देऊ नका, काही चांगली ॲप पण तिथून चालतात म्हणून आधी महिनाभर नुसतं ऑडिट मोडला ठेवा, म्हणजे अडवणार नाही, फक्त नोंद करेल. सिसमॉन (मायक्रोसॉफ्टचं, मशीनवर काय चाललंय त्याच्या नोंदी ठेवणारं टूल) टाका, इव्हेंट १ मध्ये फाइलचं मूळ नाव येतं, नाव बदललं तरी. इव्हेंट ३ म्हणजे कुठली प्रोसेस कुठं कनेक्ट झाली, तो आपोआप येत नाही, कॉन्फिगमध्ये चालू करावा लागतो. गूगलकडे ब्राउझर किंवा ड्राइव्हचं ॲप सोडून दुसरंच काही बोलायला लागलं की अलर्ट. पर्सनल जीमेल अडवायचं तर प्रॉक्सीवर, म्हणजे सगळं इंटरनेट ज्यातून जातं त्या मधल्या सर्व्हरवर, टीएलएस (वेबचं एन्क्रिप्शन) उघडून अलाउड डोमेन्सचा हेडर घालता येतो, मग फक्त कंपनीच्याच खात्याने लॉगिन होतं, त्यासाठी यूडीपी ४४३ बंद करा नाहीतर क्रोम क्विक या यूडीपीवरच्या प्रोटोकॉलवरून बाजूने निघून जातो. पण बँकेच्या साइट त्यातून वगळा आणि स्टाफला लेखी सांगून करा, चोरून नको.

लॉगवाचक_कोथरूड
अलर्ट लावताना सगळ्यांना एकच आकडा लावू नका. डिझाइनवाल्याचे ५ जीबी रोजचे असतील, अकाउंट्सवाल्याचे ५ जीबी म्हणजे गडबड. ज्याची त्याची सवय बघून लावा आणि आठवड्याची बेरीज पण ठेवा, रोज २०० एमबी नेणारा दिवसाच्या आकड्यात कधीच सापडत नाही.

भोसरी_एकटा_आयटी
अजून दोन मशीनवर सापडलं. मालकांना सांगितलं, आधी पोराचंच नाव घेतलं त्यांनी, मग गुरुवारच्या वेळा दाखवल्या तेव्हा गप्प बसले. सर्ट-इनचा फॉर्म भरतोय. कधी लक्षात आलं तिथं आजची वेळ टाकू की परवा रिपोर्ट बघितला ती?

लॉगवाचक_कोथरूड
परवाची. उशीर झाला तर झाला, तसंच लिहा.