समोरासमोर बसवा, मग बघा

‘निवडणुकीआधी नेत्यांची टीव्हीवरची वादचर्चा अमेरिकेत ठीक, आपल्या संसदीय पद्धतीत नेत्यांनी तिथे जायची गरज नाही’, हे म्हणणं मला पटत नाही. ब्रिटनचीही पद्धत संसदीयच. तरी 2010 च्या निवडणुकीत ब्राउन, कॅमेरून आणि क्लेग हे तिथल्या तीन मोठ्या पक्षांचे नेते टीव्हीवर समोरासमोर उभे राहिले. आपल्याकडे मे 2024 मध्ये माजी न्यायाधीश लोकूर व शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी व राहुल गांधी या दोघांनाही जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला, पण चर्चा झालीच नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

कोथरूडला आमच्या सोसायटीत एकदा दोन उमेदवारांना एकाच सतरंजीवर बसवलं होतं. एकेकटे आले तेव्हा दोघांनीही टँकर बंद करतो म्हणून सांगितलेलं. समोरासमोर मात्र एका आजींनी टँकरच्या पावत्यांचा गठ्ठाच पुढे ठेवला आणि विचारलं, “कधी? तारीख सांगा.” एकजण गडबडला, दुसऱ्याने निदान जलवाहिनीचं काम कुठे अडलंय ते सांगितलं. माझं मत तिथेच ठरलं.

फक्त चॅनेलवाल्यांचा आरडाओरडा नको. प्रत्येकाला मोजून वेळ द्या, दुसरा बोलत असताना माइक बंद ठेवा.