ग्रंथालयातील ई-रीडर : वाचकांचा स्वीकार कसा मोजावा?

प्रश्न :
आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ई-रीडर (ई-पुस्तके वाचण्याची हातात धरायची उपकरणे) घरी नेता येतात. पहिल्या सत्रात त्यांसाठी प्रतीक्षायादी होती. आता ती उपकरणे कपाटातच असतात आणि तेच विद्यार्थी मोबाइलवर किंवा छापील प्रतींवर वाचताना दिसतात. माझ्या प्रबंधाचा विषय हाच आहे. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या, डेव्हिस यांच्या १९८९ मधील तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपानुसार उपयुक्तता आणि वापरसुलभता या दोनच घटकांवर प्रश्नावली बेतली, तर पुरेसे होईल का?

उत्तर १ :
माझ्या मते होणार नाही. ते प्रारूप कार्यालयीन संगणक प्रणालींच्या वापरातून उभे राहिले. ग्रंथालयात मात्र वाचक काय वाचतो यावर बरेच अवलंबून असते. दोन स्तंभांतला शोधनिबंध पीडीएफमध्ये ए-फोर आकाराच्या पानासाठी मांडलेला असतो, त्यामुळे सहा इंची पडद्यावर अक्षरे बारीक होतात आणि ती मोठी केली की प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारातला मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप मांडला जातो, म्हणून त्याच उपकरणावर कादंबरी सुखाने वाचता येते. एकच वाचक एकाच यंत्राला सोपे आणि त्रासदायक असे दोन्ही म्हणू शकतो. तेव्हा वाचनसाहित्याचा प्रकार प्रश्नावलीत स्वतंत्रपणे विचारावा, ही माझी आग्रहाची विनंती.

उत्तर २ :
पडदा मोठा केल्यानेही प्रश्न सुटत नाही. २००९ मध्ये प्रिन्स्टनसह अमेरिकेतील काही विद्यापीठांनी ९.७ इंची पडद्याचा किंडल डीएक्स हा ॲमेझॉनचा ई-रीडर वर्गात वापरून पाहिला, तेव्हा समासात टिपा लिहिणे आणि पाने भराभर मागेपुढे चाळणे अवघड जाते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. त्याहून गंभीर अडचण दृष्टिहीन विद्यार्थ्यांची होती : यंत्र पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकत होते, पण पुस्तक निवडण्याची यादी बोलून दाखवत नव्हते. तक्रारींनंतर २०१० मध्ये काही विद्यापीठांनी, दृष्टिहीनांना वापरता येत नाही तोवर असे उपकरण न वापरण्याचे मान्य केले. ज्यांना यंत्र हाताळताच आले नाही, त्यांची गणना 'न स्वीकारणाऱ्यां'मध्ये करणे अन्यायाचे ठरेल.

प्रश्नकर्ती :
आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी केवळ देवघेवीच्या नोंदींवरून निष्कर्ष काढणार होते. आता उपकरण परत केलेल्या वाचकांच्या मुलाखती आधी घेईन आणि त्यांनी शेवटी काय वाचायला घेतले होते, इथूनच सुरुवात करीन.