सेल बदलला तरी तारीख मागे, आता निळी स्क्रीन. मदरबोर्ड खरंच गेला का?

कपाशीवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो, मोबाईलवरून टाइप करतो म्हणून चुकभूल समजून घ्या. आमच्या घरी एक असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे, सेकंडहँड घेतलेला, एच ६१ चा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, डिस्क म्हणून २४० जीबीचा एसएसडी, विंडोज १०. चार वर्षं एक दिवस त्रास दिला नाही. जूनच्या शेवटी पहिला पाऊस झाला तेव्हापासून सकाळी चालू केला की घड्याळ मागे, कधी दोन तास कधी आठ तास, मग ब्राउझर म्हणे तुमचं घड्याळ चुकीचं आहे आणि एकही सरकारी साइट उघडेना. कोणीतरी सांगितलं आतला सेल बदला, बदलला, गावातच भेटला ४० रुपयाले. बरोबर नऊ दिवस चांगला चालला. दहाव्या दिवशी काळी स्क्रीन, सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, एफ वन दाबा. एफ वन दाबला तर विंडोजचा लोगो येते आणि मग निळी स्क्रीन, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. पुन्हा पुन्हा तेच. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन पाहिलं तर साल २०११ दाखवते.

तालुक्याले नेला तर दुकानवाल्यानं दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला बायोस करप्ट आहे, बोर्ड गेला, जुना दुसरा बोर्ड ३५०० ले बसवून देतो आणि विंडोज नवी टाकावी लागेल, डिस्क फॉरमॅट होईल. त्या डिस्कवर बायकोच्या बचत गटाचा सहा वर्षांचा हिशोब आहे, कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती राहिलं, अकरा बायांचे पैसे आहेत हो त्यात. अर्धंमुर्धं वहीत आहे बाकी सगळं त्या डिस्कवर. मी मशीन तसंच परत घेऊन आलो. सोयाबीनच्या फवारणीत पैसे गेले आहेत, ३५०० आता काढणं कठीण, पण त्याहून जास्त भीती हिशोबाची आहे. काय करू?

वरुडची_ताई

दादा, सगळ्यात आधी एक, फॉरमॅट कोणालाही करू देऊ नका. तुमचा हिशोब जागेवरच असणार, मला जवळपास खात्री आहे.

मी वरुडकडे कॉम्प्युटरचा क्लास घेते, आमच्याकडे एच ६१ चे सात मशीन होते आणि हीच निळी स्क्रीन मी तीनदा पाहिली. होतं असं की सेल पूर्ण संपला की बोर्ड आपली सगळी सेटिंग विसरतो आणि कारखान्यातून आला तेव्हा होता तसा होऊन बसतो. बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो त्या सेटिंगला साटा मोड म्हणतात, आणि त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांमध्ये तो कारखान्यातून आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा असायचा. तुमची विंडोज मात्र एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या मोडवर टाकलेली असणार, कारण एसएसडी लावणारा माणूस तो मोड बदलतोच. आता बोर्ड डिस्कशी एका पद्धतीनं बोलतो आणि विंडोज दुसऱ्या पद्धतीची वाट पाहते, तिला डिस्क सापडतच नाही म्हणून ती निळी होते. डिस्कही चांगली, विंडोजही चांगली.

चालू करताच डिलीट बटन दाबत राहा, बायोस उघडेल. अ‍ॅडव्हान्स्ड किंवा पेरिफेरल्स असं काहीतरी असेल त्यात साटा कॉन्फिगरेशन किंवा साटा मोड शोधा, आयडीई असेल तर एएचसीआय करा, तारीख वेळ नीट करा, एफ टेन दाबून सेव्ह करा. तरी नाही झालं तर बूटमध्ये जाऊन पहिल्या नंबरवर एसएसडी आहे का ते पाहा, बाकी कशालाही हात लावू नका. आणि उघडल्या उघडल्या पहिलं काम म्हणजे हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर, आणि एक कॉपी ताईंच्या मोबाईलमध्ये.

पवनी_टेक

ताईंचं बरोबर वाटते पण बायोस करप्ट म्हटलं असेल तर बायोस अपडेट पण मारून घ्या ना भाऊ, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की फाइल भेटते, पेनड्राइव्हवर टाकून बायोसमधूनच होते. मी माझ्या बोर्डाले केलं होतं नवीन प्रोसेसर टाकताना, पाच मिनिटांत झालं, काही अडचण नाही आली.

वऱ्हाडी_सोल्डर

अपडेट करू नका भाऊ, हात जोडून सांगतो. पवनीवाल्या भाऊंनी प्रोसेसर बदलासाठी केलं ते बरोबर होतं, तिथं गरजच होती. इथं गरज नाही आणि धोका मोठा आहे. मी मंगरूळपीरकडे बोर्ड रिपेअर करतो, बारा वर्षं झाली. माझ्याकडे जे खरोखर बायोस गेलेले बोर्ड येतात त्यातले अर्ध्याहून जास्त अपडेट चालू असताना लाइन गेल्यामुळे आलेले आहेत. पावसाळ्यात आपल्या भागात दिवसातून पाच वेळा लाइन झपका मारते हे तुम्हाले मी काय सांगू. चिपमध्ये अर्धं जुनं अर्धं नवीन राहिलं की बोर्ड मुका, पंखा फिरते डिस्प्ले नाही, मग चिप काढून प्रोग्रामर मशीनवर चढवावी लागते.

आणि मुळात लोकांची गल्लत इथंच होते. बायोस त्या सेलवर नसतो. बायोस एका आठ पायाच्या चिपमध्ये असतो, तिले सेल लागतच नाही, दहा वर्षं सेल काढून ठेवला तरी प्रोग्राम तिथंच राहते. सेल चालवते फक्त घड्याळ आणि ती सीमॉस नावाची छोटी मेमरी जिथं तुमची सेटिंग राहते. तुमच्या स्क्रीनवर चेकसम एरर आलं, एफ वन दाबता आलं, बायोस उघडून साल दिसलं, म्हणजे बायोस जिवंत आहे. करप्ट असता तर स्क्रीनवर काहीच नसतं आलं. त्या दुकानवाल्यानं एवढं तरी पाहायले पाहिजे होतं, लोकाचे ३५०० म्हणजे काही कमी नाही.

आता माझ्या डोक्यात अडकलं ते नऊ दिवस. हिशोब करा. हा जो सीआर २०३२ सेल असते तो ३ व्होल्टचा, त्यात २२० मिलीअँपिअर-अवरच्या आसपास माल असते. चांगला बोर्ड बंद असताना घड्याळासाठी त्यातून ४-५ मायक्रोअँपिअर ओढते, म्हणजे ४४,००० तास, पाच वर्षं. मशीनले लाइन चालू असली तर तेवढंही ओढत नाही, स्टँडबायवर घड्याळ चालते. तुमचा सेल नऊ दिवसांत म्हणजे २१६ तासांत संपला. २२० भागिले २१६, एक मिलीअँपिअर. दोनशे पट जास्त करंट जाऊन राहिला कुठंतरी. सेल डुप्लिकेट असू शकते, पण पहिल्या सेलचीही तीच गत झाली, दोन्ही वेळा पाऊस सुरू झाल्यावर. माझा अंदाज बोर्डावर गळती आहे.

मल्टीमीटर असेल तर मोजून घ्या. लाइनची केबल पूर्ण काढा, फक्त स्विच बंद करून चालत नाही. नवीन सेल आणा, आधी बाहेरच मोजा, ३ च्या वर पाहिजे. मग सेल बसवताना वरची जी पट्टी प्लसले टेकते तिच्यात आणि सेलमध्ये कागदाचा तुकडा सारा, मीटर २००० मायक्रोअँपिअरवर ठेवा, लाल सुई सेलच्या वरच्या बाजूले, काळी सुई त्या पट्टीले. आता सेलचा करंट मीटरमधून जाईल. १० च्या आत आला तर बोर्ड ठीक, शेकड्यात आला तर गळती पक्की. सेलजवळ क्लिअर सीमॉसचा जंपर पण पाहा, तीन पिना असतात, टोपी चुकीच्या दोनवर तर नाही बसली ना, सेल बदलताना कोणी हात लावला असेल तर होते असं. आणि सेलचं घर टॉर्च लावून पाहा, आतून आणि बाजूनं, पांढरं हिरवं काही जमलं आहे का. पावसाळ्यात दमट हवेनं तोच मळ ओला होऊन करंट वाहून नेते, उन्हाळ्यात तोच बोर्ड चांगला चालते.

कपाशीवाला_दारव्हा

ताई, तुमचे उपकार कसे फेडू. साटा मोड आयडीईच होता. एएचसीआय केला, सेव्ह केलं, विंडोज उघडली, सगळं जिथल्या तिथं. बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. हिशोब दोन पेनड्राइव्हवर घेतला, एक तिच्या माहेरी पाठवला.

वऱ्हाडी भाऊ, मीटर शाळेतल्या सरांचा आणला. जुना सेल १.१ व्होल्ट. नवीन ३.२. कागद लावून करंट मोजला तर ९४० दाखवते!! तुम्ही म्हटल्याबरोबर. जंपर बरोबर होता. टॉर्च लावली तर सेलच्या घराच्या मागच्या बाजूले पालीची शीट वाळून चिकटलेली, पांढरी, तिच्यावर धूळ, आणि खाली दोन-तीन बारीक पार्ट पूर्ण झाकलेले. मागच्या बाजूले एका स्लॉटचा पत्राच नाही, पाल तिथूनच आत गेली असेल. आता हे काढू कशानं, पाण्यानं पुसलं तर चालते का? अजून एक, कॅबिनेटच्या पत्र्याले उघड्या पायानं हात लावला की मुंग्या येतात झिणझिण, ते आधीपासूनच आहे, त्यामुळं तर बोर्ड खराब नाही ना होऊन राहिला?

वऱ्हाडी_सोल्डर

पाणी नाही, पेट्रोल तर बिलकुल नाही. मोबाईल रिपेअरवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल भेटते, छोटी बाटली घ्या. सेल काढा, जुन्या मऊ टूथब्रशनं अल्कोहोल लावून हळूहळू घासा, दोन-तीनदा, खाली कापड धरा म्हणजे मळ दुसरीकडे वाहून जाणार नाही. तिथले पार्ट तांदळाच्या कणीएवढे असतात, नखानं खरवडू नका, एखादा निघाला तर मग माझ्याकडेच यावं लागेल. रात्रभर वाळू द्या मग पुन्हा करंट मोजा. साफ केल्यावरही शेकड्यात राहिला तर सेलजवळचा एखादा डायोड नाही तर कॅपॅसिटर लीक असते, तो बदलणं शंभर-दोनशेचं काम आहे, बोर्ड बदलायचं कारण तरीही नाही. झिणझिण्याचं कोणी लाइनचं काम करणारा सांगेल, मी म्हणेन तोपर्यंत चप्पल घालूनच हात लावा.

डीपीजवळचा

झिणझिण्याचं मी सांगतो, वायरमनचं काम करतो मोर्शी भागात. तुमच्या घरच्या स्विचबोर्डात अर्थिंग नाही भाऊ, नाही तर तीन पिनची पिन दोन पिनच्या होल्डरमध्ये घुसवली असंल. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये लाइन आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याले बारीक कॅपॅसिटर असतात, फिल्टरचे. अर्थिंग असली तर त्यातला करंट जमिनीत जाते, नसली तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहते, ११०-११५ च्या आसपास. करंट बारीक असते म्हणून झिणझिण येते, पण हे चांगलं नाही, पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर लावताना पोर्ट यानंच उडतात, आणि उद्या सप्लाय आतून शॉर्ट झाला तर तोच पत्रा पूर्ण लाइनवर येईल, घरात लेकरं असतात. गळतीचं कारण मात्र हे नाही वाटत, ते पालीचंच.

घराची अर्थिंग आहे का पाहजा, बहुतेक खेड्यात मीठ-कोळशाचा खड्डा केला असते पण मीठ विरघळून जाते आणि उन्हाळ्यात पाणी कोणी टाकत नाही. चांगल्या वायरमनकडून अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. आमच्याकडे एका घरी ४० आला होता. स्वतः स्विचबोर्डात सुया घालू नका, मीटर शाळेतला आहे म्हणता, त्याच्या वायरी कशा आहेत ते माहीत नाही. आणि रात्री पंप बंद झाले की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज चढते, तेव्हा मशीन पिनमधून काढूनच ठेवत जा, विजा चमकत असल्या तर इंटरनेटची वायर पण.

पवनी_टेक

अपडेटचं मी बोललो होतो ते मागे घेतो, चिप आणि सेल वेगळं असते हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे यूपीएस होता म्हणून निभावलं असेल.

वरुडची_ताई

दादा, एक राहिलं. आता बायोस नीट लागला आहे तर त्याच्या प्रत्येक पानाचा मोबाईलनं फोटो काढून ठेवा, साटा मोड, बूट ऑर्डर, सगळ्याचा. मी क्लासमधल्या सातही मशीनचे काढून वहीत चिकटवले आहेत. पुढं कधी सेल गेला तर फोटो पाहून पाच मिनिटांत परत लावता येतो, कोणाकडे न्यायची गरज नाही.

कपाशीवाला_दारव्हा

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, शेतात काम होतं. अल्कोहोलनं तीनदा घासलं, रात्रभर पंख्याखाली ठेवलं, सकाळी मोजलं तर ४. चार मायक्रो! दोनदा मोजलं, विश्वासच बसत नव्हता. मधे वादळानं डीपी उडाली होती, सहा दिवस लाइन नव्हती, आल्यावर चालू केलं तर घड्याळ मोबाईलशी मिनिटाले मिनिट जुळलं. फोटो पण काढले ताई, बायकोनं तिच्या गटाच्या वहीत लावले.

अर्थिंगचा खड्डा उकरला तर सळई गंजून अर्धी झाली होती, नवीन टाकली, आता वायरमननं मोजलं तर दीड व्होल्ट येते आणि झिणझिण बंद. सगळा खर्च मिळून ८०० च्या आत झाला, त्यात जास्त तर अर्थिंगचाच. मागच्या स्लॉटले डब्याचा पत्रा कापून बसवला, धार घासून घेतली, स्क्रूनं पक्का केला. बाकीच्या हवेच्या भोकांवर मच्छरदाणीची जाळी लावावी म्हणतो, त्यानं आत गरम तर नाही ना होणार?

वऱ्हाडी_सोल्डर

जाळी फक्त जिथं पंखा हवा आत ओढते तिथं लावा, पॉवर सप्लायच्या मागं हवा बाहेर निघते तिथं नाही. आणि पंधरा दिवसांनी ब्रशनं साफ करत जा, कापसाच्या दिवसांत तर आठवड्याले, कपाशीचा भुरका त्या जाळीत भरून बसते.