लाईफटाईम लायसनवर आता दरवर्षी पैसे मागायलेत

लातूरला आमचं आडत दुकान हाय, 2018 ला बिलिंगचं सॉफ्टवेअर लाईफटाईम म्हणून घेतलं, आता अपडेट झालं अन् स्क्रीनवर येतंय की प्लॅन घ्या नाहीतर बिल प्रिंट होणार नाही, सोयाबीनचा सीझन तोंडावर आलाय, काय करावं?

> दादा, आधी डेटाचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घ्या. जुनी पावती, ईमेल, त्यावेळच्या अटी जपून ठेवा.

> 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाका. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही असं कंपनी म्हणंल, पण दुकान पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरतात.

> नवीन व्हर्जनचे पैसे घ्या ना, पण विकलेलं बंद पाडणं सरळ अन्याय हाय. नांदेडलाही हेच चालू हाय, सगळ्यांनी मिळून तक्रार करू.