मदत हवी आहे: तुळशीची माळ आणि कारखान्यातली दागिनेबंदी (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,
आमचे बाबा माळकरी. तरुणपणी घातलेली माळ आजवर गळ्यातून उतरलेली नाही. इकडे आल्यापासून ते एका फूड पॅकिंग कारखान्यात काम करतात. नव्या सुपरवायझरने बजावलंय, सोमवारपासून माळ काढून या, नाहीतर शिफ्ट नाही. वर विचारतो, "इथले बाकीचे हिंदू कुठे घालतात?" बाबा नोकरी सोडायला निघालेत. माझा जीव तुटतो, कारण त्यांना हे काम मनापासून आवडतं.

अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा भाग) वाचलं. १५ किंवा जास्त कर्मचारी असले की ते लागू होतं, आणि अवाजवी भार पडत नसेल तर मालकाला धार्मिक सवलत द्यावी लागते. पण मणी तुटून अन्नात पडला तर, ही त्यांची भीती मलाही खोटी वाटत नाही. यातून मार्ग कसा काढायचा? वकील आत्ताच गाठावा का?

प्रतिसाद:
आधी बाबांना राजीनाम्यापासून थांबवा. सोमवारच्या आत एचआरला ईमेल जाऊ दे, त्यात "धार्मिक कारणासाठी सवलत हवी आहे" हे स्पष्ट असू दे. तोंडी बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. बाकीचे हिंदू काय करतात याचा संबंधच नाही. बाबांची श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढंच कायदा बघतो.

एफडीएचा (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) नियम अन्नात पडू शकतील असे सैल दागिने काढायला सांगतो. म्हणून मार्ग तुम्हीच सुचवा: माळ बंद गळ्याच्या घट्ट बनियनच्या आत, वरून कारखान्याचा कोट. तेही नाही म्हणाले तर लेबलिंग किंवा डिस्पॅचचं काम मागा.

सर्वोच्च न्यायालयातल्या २०२३च्या ग्रॉफ विरुद्ध डीजॉय खटल्यानंतर मालकाचं किरकोळ खर्चाचं कारण चालत नाही, धंद्याच्या मानाने भरीव बोजा दाखवावा लागतो. सुरक्षेचा खरा धोका मात्र आजही ग्राह्य धरतात, तिथे हट्ट नको.

लेखी नकार आला की वकील गाठा. न्यू जर्सीत ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे) तक्रारीला ३०० दिवस मिळतात, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८०च.

धागाकर्ता:
खूप आभार. बनियनचं सुचलंच नव्हतं, बाबाही तयार आहेत. ईमेलचा मसुदा रात्री इथे टाकतो, कोणी नजर घालाल का?