डिस्चार्ज मिळाला, पण पेशंट घरी न्यायचा कसा? जबाबदारी कुणाची?

वाघूरकाठ

माझं मत आधीच सांगते. पेशंट घरच्या बाजेवर नीट टेकेपर्यंत दवाखान्याने डिस्चार्ज पुरा झाला असं धरू नये. फुकट गाडी द्या, असं मी म्हणत नाही. पण कधी सोडणार हे आदल्या दिवशी सांगावं, पेशंट बसून जाऊ शकतो की आडवाच न्यायचा हे कार्डावर लिहावं, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याची सोय होईपर्यंत त्याला पलंगावरून उठवू नये.

निमित्त घडलं ते मावशीच्या डिस्चार्जचं. जळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात तिच्या मांडीच्या हाडात रॉड टाकला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, आज सोडू. मग विम्याची मंजुरी, बिल, उरलेली औषधं परत करणं यात दिवेलागण झाली, आणि लगेच "बेड खाली करा, पुढचा पेशंट थांबलाय". १०८ ला फोन लावला. त्यांनी नीट समजावलं की ही सेवा तातडीच्या रुग्णासाठी आहे, घरी सोडायला गाडी येत नाही. गेटवरच्या गाडीवाल्याने आकडा सांगितला आणि मावसभाऊ गप्पच झाला. शेवटी गल्लीतल्या एकाची ओम्नी बोलावली. मावशीला लघवीची नळी होती. गाडीत टांगायला दुसरी जागा नव्हती म्हणून पिशवी खिडकीवरच्या हँडलला अडकवली गेली. पिशवी कमरेच्या वर राहिली की लघवी नळीतून उलटी आत जाते आणि इन्फेक्शनला वाट मिळते, हे घरी आल्यावर उपकेंद्राच्या नर्सताईंनी सांगितलं. दवाखान्यात कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरे होतं.

पारोळ्याचे नाना

ताई, तुमचा त्रास कळतो, पण मला हे पटत नाही. दवाखान्याचं काम पेशंट बरा करणं. गाडीचं कामही त्यांच्यावर टाकलं तर उद्या बिलात आणखी एक ओळ वाढेल आणि ती आपणच भरू. शिवाय दवाखान्याने गाडी लावून दिली म्हणजे त्यांच्याच ओळखीची गाडी, त्यांचाच भाव.

आपल्याकडे अजून भाऊबंदकी आहे, गल्ली आहे. आमच्या गावात कुणाला सोडणार म्हटलं की आदल्या रात्रीच ठरतं कुणाची बोलेरो जाईल. पिकअपमध्ये दोन गाद्या टाकून, वर ताडपत्री बांधून माणूस आणलेला आहे. डिझेलचे पैसेसुद्धा कुणी घेत नाही. शहरात गेल्यावर आपण हे सगळं विसरतो आणि मग व्यवस्थेकडे बोट दाखवतो. आणि पोटाचं दुखणं, ताप, टायफॉइड, असले पेशंट तर एसटीने आरामात येतात. ७५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट. प्रत्येकाला ॲम्ब्युलन्स कशाला पाहिजे?

वाघूरकाठ

नाना, एसटीने येऊ शकतो त्याने एसटीनेच यावं. मी आडव्या पेशंटबद्दल बोलतेय. आणि ज्याचा एक मुलगा चाकणला कंपनीत, दुसरा सुरतेला, घरी फक्त म्हातारा-म्हातारी, त्याच्यासाठी आदल्या रात्री बोलेरो कोण ठरवणार? खान्देशातल्या निम्म्या गल्ल्यांमध्ये आता कुलपं दिसतात.

वॉर्डातली सिस्टर, धुळे

दोघांनाही थोडं बोलते. मी सरकारी दवाखान्यात आहे. "कुणी सांगत नाही" हे सरसकट खरं नाही. आम्ही सांगतो. पण डिस्चार्जच्या वेळी एक नातेवाईक बिलाच्या रांगेत, दुसरा औषधाला, आणि पेशंटजवळ सात-आठ वर्षांची नात. ऐकणार कोण? त्यात एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड. म्हणून कार्डावर लिहून द्यावं, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. बेड अडवून ठेवा याला मात्र नाही. पुढचा पेशंट जमिनीवर गादी टाकून पडलेला असतो, तोही कुणाची तरी मावशीच आहे.

आता जे लोकांना माहीत नसतं ते सांगते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर पॅकेजमध्ये दवाखान्यापासून घरापर्यंतचं एकवेळचं भाडं धरलेलं आहे, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. ते आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे मागायचं. मिळालं नाही तर योजनेच्या १५५३८८ नंबरवर बोलायचं. सोडल्यापासून १० दिवसांचा पाठपुरावाही पॅकेजमध्येच असतो.

आणि खुब्याचा गोळा बदललेला पेशंट ओम्नीत किंवा बुटक्या कारमध्ये बसवताना घाई करू नका. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ कलती करा, सीटवर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवा. म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जात नाही. पेशंटने गाडीकडे पाठ करून आधी बूड टेकवायचं, मग कुणीतरी दोन्ही पाय एकत्र धरून हळूच आत वळवायचे. आत बसल्यावर पायावर पाय टाकायचा नाही. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज फिरतं, नीट बसला की ती काढून घ्यायची, नाहीतर रस्त्यात पेशंट घसरतो. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण गेटवर हॉर्न वाजायला लागले की लोक उचलून आत कोंबतात.

पारोळ्याचे नाना

सिस्टर, भाड्याची माहिती चांगली दिली. पण एसटीच्या भाड्यात आडवा पेशंट कसा जाणार? म्हणजे योजना करणाऱ्यानेही धरलंय की सोडलेला माणूस बसून जाईल. माझंही म्हणणं तेच. ज्याला बसता येत नाही त्याला सोडूच नये.

वॉर्डातली सिस्टर, धुळे

नाना, लकवा झालेल्या माणसाला बसता येईपर्यंत ठेवायचं म्हटलं तर कित्येकांना महिनोन् महिने ठेवावं लागेल. तो आता घरीच, व्यायामाने आणि सेवेने सुधारणार असतो. वॉर्डात उलट पाठीला जखमा होतात.

रुग्णवाहिका भुसावळ

मी गाडीवाला. आमच्यावर सगळ्यांचा राग, म्हणून आमची बाजू. घरी सोडायची फेरी म्हणजे येताना गाडी रिकामी. डिझेल दोन्ही बाजूंचं लागतं. त्यात "आत्ता सोडतायत" म्हणून बोलवतात आणि आम्ही दुपारभर गेटवर उभे. हा थांबण्याचा पैसा मागितला की लूट म्हणतात. आणि काही ठिकाणी गेटवर उभं राहायलाच कुणाला तरी द्यावं लागतं, ते कुठून निघणार?

तरी फसवणारे आहेत, हे मी नाकारत नाही. म्हणून ऐका. ॲम्ब्युलन्सचे दर प्रत्येक जिल्ह्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. दर गाडीच्या प्रकारावर असतो. निघण्याआधी किलोमीटरचा आकडा लिहून घ्या, पावती मागा, जास्त घेतलं तर आरटीओकडे तक्रार करा. आणि घरी जाणाऱ्या पेशंटला व्हेंटिलेटरची गाडी घेऊ नका. देशाच्या मानकात ॲम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. त्यातला बी प्रकार नुसत्या ने-आणीचा, ज्याला वाटेत काही होण्याची भीती नाही अशासाठी. "आयसीयू गाडीच आहे, तीच न्या" असं कुणी म्हणालं तर दुसरी बघा.

ऑक्सिजनवर असलेल्याने हिशोब विचारूनच बसावं. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १,५०० लिटर. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर १२ तास, ५ लिटर असेल तर ५ तास. काटा स्वतः बघा. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणारं विजेवरचं मशीन, चालू झाल्याशिवाय गाडी सोडू नका, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि नाना, गल्लीतली बोलेरो फुकट आली तर उत्तम. पण पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खाजगी, गाडी भाड्याने घेतली आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, हे लक्षात ठेवा.

चोपड्याचा पोऱ्या

एवढं सगळं करण्यापेक्षा १०८ नेच सोडावं ना. सरकारी गाडी आहे, डॉक्टर असतो, फुकट आहे. अर्धा वेळ तर उभीच दिसते.

रुग्णवाहिका भुसावळ

भाऊ, उभी दिसते म्हणूनच फोन आल्यावर निघते. २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्यात ९३७ गाड्या, त्यात २३३ मोठ्या सोयीच्या. तालुक्याच्या वाट्याला किती आल्या ते तुम्हीच काढा. एक गाडी पेशंटला घरी सोडायला निघाली आणि तेवढ्यात हायवेवर ट्रकने दुचाकी उडवली तर? यातून माझाच धंदा वाढतो असं म्हणाल, पण तरी सांगतो, १०८ ला यात ओढू नका.

सातपुड्यातला मास्तर, धडगाव

तुम्ही सगळे सडकेवरच्या गावांबद्दल बोलताय. आमच्याकडे घर सडकेपासून पुढे सुरू होतं. पेशंटला झोळीत घालून डोंगर उतरवला, अशी बातमी दर पावसाळ्यात येते आणि तिच्यावर चर्चा होते. तोच पेशंट बरा होऊन परत येताना पुन्हा झोळीतूनच वर चढतो, ते कुणी लिहीत नाही. नंदुरबारहून गाडी मिळाली तरी चांदशैली घाटात दरड आली की लांबचा फेरा, आणि शेवटच्या पाड्याला गाडीच जात नाही.

सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, उदाहरण देतो, कारण आमच्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर तो घरोघरी आहे. पोराला अंगदुखीचा झटका आला, दवाखान्यात सलाईन लागली, बरं वाटलं, सोडलं. मग ते मे महिन्याच्या दुपारी खच्चून भरलेल्या मॅक्स जीपमध्ये पाण्याशिवाय बसून येतं, वर तासभर चढण. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचा झटका पुन्हा उठतो. चार दिवसांच्या उपचाराचं त्या एका दुपारी पाणी होतं, आणि तोच पोऱ्या परत भरती. खर्च कुणाचा वाढला? सरकारचाच.

दुसरा मुद्दा नानांसाठी. घरी सोडणं ही सरकारची जबाबदारी नाही, हे वाक्य सरकारनेच खोडलं आहे. १ जून २०११ ला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यात बाळंतिणीला दवाखान्यात आणणं, पुढे पाठवलं तर तिथे नेणं, आणि ४८ तास राहिल्यावर घरी सोडणं, तिन्ही फुकट. आजारी तान्ह्या बाळालाही. त्यासाठीच १०२ नंबरची गाडी. म्हणजे तत्त्व मान्य आहे. बाळंतीण घरी सुखरूप पोचली पाहिजे, हे पटलं. मग खुबा मोडलेली तिची सासू का नाही?

पारोळ्याचे नाना

मास्तर, डोंगराचं मी मानतो. तिथे सरकारने करावं, त्यात वाद नाही. सासूचा मुद्दाही बिनतोड आहे. पण मैदानी भागाला ते लागू करू नका. आपल्याकडे गणेश मंडळांच्या, पतपेढ्यांच्या, ट्रस्टच्या किती रुग्णवाहिका आहेत! बऱ्याच ड्रायव्हरचा पगार नाही म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या. ग्रामपंचायतीने ड्रायव्हरचं बघावं, डिझेल पेशंटने टाकावं. दवाखान्याच्या गळ्यात घालण्यापेक्षा हे लवकर होईल, आणि त्या गाडीवर गावाचा डोळा राहील.

वाघूरकाठ

मंडळाची गाडी आली तर मी पहिली वर्गणी देईन. पण नाना, पेशंटला आडवं न्यायचं की बसवून, नळी कशी धरायची, वाटेत कधी थांबायचं, हे मंडळ कसं ठरवणार? ते डॉक्टरनेच लिहायचं आणि त्यासाठी कागदावर दोन ओळी पुरतात. वेळेचंही तसंच. कॅशलेस विम्याला डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यायची, असं विमा नियामकाने २०२४ ला सांगितलंय. दवाखान्याने कागद सकाळी ९ ला पाठवले तर दुपारी माणूस निघू शकतो. संध्याकाळी ५ ला पाठवले तर रात्रच होणार, आणि रात्री गाडीवाला मागेल ते द्यावं लागणार. हे दवाखान्याच्या हातात आहे, गावाच्या नाही.

पारोळ्याचे नाना

कागद आणि वेळ, एवढं मान्य. गाडी नाही.

गिरणाकाठची सून

मध्येच विचारते, माफ करा. सासऱ्यांना परवा संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातून चाळीसगावला आणायचंय. पोटाचं ऑपरेशन, टाके आहेत, बसता येतं पण जास्त वेळ नाही. ते एकसारखे "माले घर लई चाल" म्हणतायत. कार चालेल की ॲम्ब्युलन्सच करू? कन्नड घाटाचीही भीती वाटते.

वॉर्डातली सिस्टर, धुळे

ताई, उद्याच राउंडला डॉक्टरांना विचारा, "बसून नेऊ का?" आणि उत्तर कार्डावर लिहून घ्या. हो म्हणाले तर मोठी कार चालेल. पुढची सीट कलती करा, पोटाला लहान उशी धरायला द्या. खोकला आला किंवा गाडी आदळली तर ती उशी टाक्यांवर दाबून धरायची. पट्टा लावायचाच, उशीच्या वरून. कन्नडला थांबा, त्यांना खाली उतरवून चार पावलं चालवा, मग घाट उतरा. पाणी, उलटीसाठी पिशवी आणि दुखण्याची गोळी हाताशी ठेवा, डिकीत नको. डॉक्टर नाही म्हणाले तर इथे सांगा, भुसावळच्या दादांना त्या बाजूची साधी ने-आणीची गाडी माहीत असेल.

रुग्णवाहिका भुसावळ

चाळीसगावला आहे एक ओळखीचा. सोडण्याची वेळ नक्की झाली की कळवा. सकाळी लवकर निघालात तर ऊन लागायच्या आत घरी.